टँकमधली हळद

दिराच्या हळदीला मी आत्येसासूंवर ओरडले, हे आमच्या मानकोलीत अजून चवीने सांगितलं जातं. का ओरडले, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मीच सांगते.

आमच्या हॉलमध्ये भिंतभर काचेचा टँक होता. खाऱ्या पाण्याचा, आत मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ. आमच्या शेतजमिनीवर गोडाऊन उभी राहून भाड्याचा पैसा येऊ लागला, तेव्हा नवऱ्याने हौसेने आणला. हौस लगेच फिटली आणि टँक माझ्या गळ्यात पडला. मिठाचं प्रमाण बघा, काच घासा, पाणी बदला. चिडचिड करता करता कधी जीव लागला, कळलंच नाही.

त्यातलं एक कोरल माझं फार लाडकं. खाली दगडासारख्या कडक फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवे, मऊ, डुलणारे हात. आणलं तेव्हा इवलंसं होतं. थोडं वाढल्यावर मी एक फांदी खालच्या कडक भागातून कटरने कापली, वरच्या मऊ जिवाला धक्का न लावता, आणि सुपरग्लूने एका चकतीवर चिकटवली. वाटलं, आता ही मरणार! पण ती जगली, तिला फांद्या फुटल्या, मग तिच्यातून आणखी एक. असं करत त्या कोपऱ्यात माझी बागच झाली. पाहुणे आले की नवरा सोफ्यावरून सांगायचा, "लय मेंटेन करावं लागतं बुवा!" मेंटेन म्हणे! या माणसाने त्यात कधी बोट ओलं केलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, दारात डीजे. दिराला हळद लावून झाली होती आणि मी सरबत वाटत होते. वळून बघते तर आत्येसासू, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, स्टुलावर चढलेल्या. टँकचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात आत, मुठीत तेलात कालवलेली हळद. आणि ती चोळत होत्या माझ्या कोरलला!

"अहो आत्या, काय करताय हे! मारलंत की त्यांना!"

आत्या खाली उतरल्या, तोंड एवढंसं झालेलं. मग सगळे माझ्यावर तुटून पडले. सासूबाई म्हणाल्या, हळदीच्या घरात मरणाचं बोलतेस? नणंद म्हणाली, थोरल्या माणसावर ओरडायची ही कुठली पद्धत? नवरा म्हणाला, "आधी पाया पड. चार लोकांत लाज काढलीस माझी."

इकडे पाणी पिवळं झालेलं, वर तेलाचा तवंग, ते हिरवे हात आक्रसून गेलेले आणि त्यांतून चिकट लाळ सुटलेली. आणि मी पाया पडत बसू?

"पाया नंतर," मी म्हटलं, "आधी बालदी."

बदलायला ठेवलेलं खारं पाणी बालदीत ओतलं, नव्या साडीचा पदर खोचला, कोरल टँकमधून काढलं आणि मोरीत बसून कापत सुटले. जिथे हळद लागली नव्हती ती फांदी कापायची, खळबळून बालदीत ठेवायची. बाकीची टाकायची. इतक्या वर्षांची बाग कचऱ्याच्या पिशवीत गेली. रडले, हो, तिथेच बसून ढसाढसा रडले. नवरा दारातून डोकावला आणि म्हणाला, "फोटोला येतेस का?" अस्सा संताप आला!

हॉलमधला टँक गेला, मासेही गेले. वाचलेले तुकडे मी माडीवर एका लहान टँकमध्ये ठेवले. त्यांचे हिरवे हात मिटलेलेच. लग्न पार पडलं, मांडव उतरला, पण माझ्या माफीचा विषय रोज जेवताना निघायचा. मी मान खाली घालून जेवायचे.

एका दुपारी आत्या त्यांच्या गावाहून, शेलारहून आल्या आणि गुडघे धरत थेट माडीवर चढल्या. म्हटलं, आता ही बाई सुनावणार. मीही तयारच होते. पण त्या टँकसमोर बसल्या आणि बघत राहिल्या. एका तुकड्याने हात बाहेर काढले होते आणि ते डुलत होते.

"जित्ता हाय गं," त्या म्हणाल्या. "मना कोन बोललाच न्हाय, यात जीव हाय म्हनून."

"विचारायचं तरी, आत्या!"

"इचारला ना! तुज्याच नवऱ्याला इचारला, ह्या काय हाय रे? तो बोलला, शोभेचे दगड हायत. आपन देवाच्या दगडाला हळद लावतो, म्हनून लावली. लगीनघरात तोच कोरडा कशाला ऱ्हावा?"

त्याच हॉलमध्ये, त्याच्या डोळ्यांसमोर मी वर्षानुवर्षं कापत, चिकटवत, वाढवत आले, आणि त्याला ते दगड वाटत होते! मी वाकले आणि आत्यांच्या पाया पडले. मनापासून पडले. मग तरातरा जिना उतरले. नवरा टीव्हीसमोर बसला होता.

"चला वर," मी ओरडले. हळदीच्या दिवशी काय ओरडले असेन, त्याच्यापेक्षा मोठ्याने. "आत्यांची माफी मागा. आणि मग माझी!"

टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "कसली?"