फोडणीपुरता स्वयंपाक

नृसिंहरावांना स्वयंपाकातली एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे फोडणी. भात ते लावायचे, पण त्याला भात म्हणायचं की पेज, हे जेवणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. पोळीच्या वाटेला ते कधी गेलेच नाहीत. फोडणी मात्र अशी खमंग द्यायचे की सावेडीच्या त्या नव्या वस्तीत शेजारपाजारच्यांच्या तोंडाला पाणी सुटावं.

ही विद्या त्यांना पुष्पावतीबाईंनी दिली होती, तीही खाटेवर पडल्या पडल्या. शेवटच्या आजारपणात नवऱ्याला निदान पोटापुरतं यावं म्हणून त्यांनी शिकवणी सुरू केली. "तेल तापू द्या. मोहरी तडतडली की हिंग. हळद शेवटी, नाहीतर करपते. आणि असे मागे सरू नका, ती काही चावत नाही." पहिला धडा पाठ झाला आणि दुसरा सुरू व्हायच्या आत शिकवणारी गेली. पाथर्डीच्या तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी केलेला, पाण्याचा पेलाही हातात आयता मिळालेला हा माणूस पेन्शनीत एकटा पडला.

लेक सुनीती नाशिकला दिलेली. दर खेपेला ती बापाचा अंगावर लोंबणारा सदरा बघायची आणि "अण्णा, चला आता आमच्याकडे" म्हणायची. दिवाळीला आली तेव्हा तिने निर्वाणीचं सांगितलं. "संक्रांत झाली की मी येते. तुमच्या हातचं चारी ठाव जेवण मला वाढायचं. नाही जमलं तर घराला कुलूप लावून माझ्याबरोबर निघायचं." अण्णा तोऱ्यात म्हणाले, "वाढतो की. ढेकर देऊन उठशील."

खरं तर जावई भला होता, नातवंडं गुणी होती, बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. पण हे घर त्यांनी आणि पुष्पावतीबाईंनी मिळून बांधलं होतं, आणि त्यात ती जेमतेम वर्षभर राहिली होती. इथून निघायचं म्हणजे तिला एकटीला मागे सोडून जायचं, असं त्यांना वाटायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून ते आपले सांगायचे की नाशिकची हवा मला मानवत नाही.

त्यात तो बहात्तरचा दुष्काळ. मंडईत जी काही भाजी येई, तिच्याकडे बघून गाईनेही तोंड फिरवलं असतं. अशात अण्णांना भिंगारच्या छावणीजवळ सूर्यभानचं दुकान सापडलं. तिथे पत्र्याच्या बंद डब्यात शिजवलेल्या भाज्या मिळत. मटार, छोले, पालक, सगळं तयार. डबा फोडायचा, गरम करायचा आणि जेवायचं. "शुद्ध शाकाहारी हाय अण्णा, डोळं झाकून खा," सूर्यभान म्हणाला.

पहिला डबा अण्णांनी खिळा आणि हातोडी घेऊन फोडला. चव बघितली. कुणीतरी लांबून मटाराची आठवण सांगावी, तेवढीच चव होती. मग त्यांनी कढई चढवली, मोहरी तडतडवली आणि डबा तिच्यात उपडा केला. चर्र आवाज झाला, घरभर वास सुटला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भात मागून घेतला. म्हणजे मागितला त्यांनीच आणि वाढलाही त्यांनीच.

त्या दिवसापासून घरातून रोज चर्र ऐकू यायला लागलं. शेजारच्या रतनबाई मूळच्या घोडेगावच्या. त्या कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "अण्णा, काय केलं वो आज? लई वास सुटलाय."

"मटाराची उसळ."

"ह्या दुष्काळात मटार? तुमी कुठनं पैदा केलं?" मग मुद्द्यावर यायच्या. "दोन भाकरी दिऊ का गरम गरम?"

"नको, माझं झालंय सगळं." माणूस उपाशी राहील, पण शेजारणीच्या दारात ताट घेऊन जाणार नाही, असा हा मानी स्वभाव. अशा स्वभावाला आमच्याकडे करारी म्हणतात. बायका त्याला दुसरं नाव देतात.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. पुष्पावतीबाईंचं सोवळं कडक होतं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची नाही. गुळाची ढेप धुतली जायची. एकदा तर त्यांनी काड्यापेटी धुतली आणि दुपारपर्यंत घरात चहा झाला नाही. मीठ धुवायचं तेवढं राहिलं होतं. अण्णांनी उभा जन्म त्यावरून त्यांची चेष्टा केली. पण त्या गेल्या आणि अण्णा स्वतःच प्रत्येक वस्तू धुवायला लागले. देवावरचा त्यांचा विश्वास यथातथाच होता, पण डबा धुतल्याशिवाय आत न्यायला त्यांचा पाय उचलत नसे. धुताना डब्यावरचा चित्राचा कागद निघून जाई, पण एका वेळी एकच डबा आणायचा आणि लगेच फोडायचा, त्यामुळे बिघडत काही नव्हतं.

सुनीती येणार म्हणून त्यांनी पिशवीभर डबे आणले. सूर्यभानने त्यात एक रसगुल्ल्याचा घातला. "लेक येतीया, मग गोड नको व्हय?" घरी येऊन बघतात तर नळाला पाणी नाही. एकेक डबा धुण्याइतकं पाणी कुठून आणायचं? त्यांनी होतं तेवढं पाणी बादलीत घेतलं, सगळे डबे त्यात बुडवले आणि भिजेपर्यंत जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बादलीत मटाराचं हिरवं चित्र आणि पालकाचं गर्द चित्र गळ्यात गळा घालून तरंगत होतं. खाली सगळे डबे उघडेबोडके, एकासारखा एक. अण्णांनी ते पुसून फळीवर मांडले. कानाशी धरून हलवून बघितले, तर सगळेच सारखे डुचमळले. त्यातल्या त्यात एक त्यांना छोल्यांचा वाटला.

दुसऱ्या दिवशी सुनीती आली. पाय धुऊन बाहेरच्या खोलीत बसली. अण्णांनी आत भात उतरवला, कढईतलं तेल चष्म्यावर उडतं म्हणून रोजच्यासारखा चष्मा काढला, आणि छोल्यांचा म्हणून ठरवलेला डबा कापून ठेवला. मोहरी, हिंग, तिखट, हळद, आणि वर डबा. चर्र आवाज झाला. तो बाहेर ऐकू गेला असणार म्हणून अण्णा मनात खूश झाले. चष्मा चढवून बघतात तर कढईत पिवळेधमक गोल गोल बटाटे. बटाट्याचा डबा आपण कधी घेतला, हे त्यांना आठवेना. पण सूर्यभानने चुकून घातला असेल, असं म्हणून त्यांनी ताट वाढलं.

सुनीतीने एक बटाटा मोडला. तो मोडला नाही, दबला. तिने तोंडात घातला आणि चावायची थांबली. मग सावकाश गिळला.

"अण्णा, बटाटे कुठले?"

"मंडईतले. का गं?"

"गोड आहेत."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "यंदा पाऊस नाही ना. सगळीकडे तसेच निघतायत."

सुनीतीने आणखी एक घेतला, दातात मोहरी सापडली आणि तिला हसू आवरेना. ती ताटावरून उठली नाही, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अण्णांनी चाखून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. रसगुल्ल्याला हिंगाची फोडणी बसली होती. आपण हरलो, हे त्यांना त्या एका घासात कळलं.

हात धुऊन सुनीती आत गेली. फळीवर डबे ओळीने मांडलेले होते. "यांचे कागद कुणी काढले?"

"कुणी काढले नाहीत. धुताना निघाले."

"डबे कशाला धुतलेत?"

"म्हणजे काय? बाजारातली वस्तू तशीच आत घ्यायची?"

सुनीतीने एक डबा हातात घेतला आणि तो उगाच पदराने पुसला. काड्यापेटीची गोष्ट सांगून आईला रडू येईपर्यंत चिडवणारा हाच माणूस, हे तिला आठवलं असावं. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला न्यायला आले होते, अण्णा."

"ठाऊक आहे. वेळ पडली तर असावी म्हणून सकाळीच ट्रंक भरलीय मी."

"ती रिकामी करा. आई अजून इथेच आहे, तिला सोडून तुम्ही कुठे येणार?"

अण्णांनी खिडकीकडे तोंड केलं आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. दोन वर्षं कुणाला सांगता न आलेली गोष्ट पोरीने सहज बोलून टाकली होती.

पुढचे दोन दिवस सुनीतीने त्यांना वरण शिकवलं, म्हणजे दुसरा धडा पुरा केला. मग कुंपणापाशी उभी राहून रतनबाईंना म्हणाली, "उद्यापासून अण्णांना दोन भाकरी देत जा."

"कवापास्नं देतीया मी, त्यांनीच घ्यायच्या न्हाईत. आता कसं, लेकीनं सांगितलं."

निघायच्या दिवशी अण्णा एस. टी. स्टँडवर पोहोचवायला गेले. आई गेल्यापासून माहेराहून निघताना सुनीतीच्या हातात शिदोरी अशी नसायचीच. गाडी सुटायच्या बेतात असताना अण्णांनी पिशवीतून एक डबा काढून खिडकीतून तिच्या हातात दिला. भांड्यांवर नाव घालतात तसं त्यांनी त्यावर खिळ्याने वाकड्यातिकड्या अक्षरात कोरलं होतं, चि. सौ. सुनीतीस, माहेरून.

तिने डबा कानाशी धरून हलवला. "काय आहे यात?"

"ते मला कुठे ठाऊक?" अण्णा म्हणाले. "पण धुतलेला आहे."