इंदूची फूटपट्टी

रेखा आली तेव्हा मी कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतत होते. होळी नुकतीच झाली होती, पण आमच्या नालवाडीत तेव्हापासूनच दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रेखा म्हणजे माझ्या शेजारच्या इंदूची सून. एरवी हाका मारतच आत येते, त्या दिवशी दारातच उभी राहिली. "मावशी, आई उठून नाई राह्यली," एवढंच म्हणाली. मी बादली तिथंच टाकली आणि गेले. इंदू तिच्या खोलीत खुर्चीवर बसलेली, चष्मा नाकावर, मांडीवर ती जाड कादंबरी उघडी, आणि ओळीखाली लाकडाची फूटपट्टी. मला वाटलं, वाचता वाचता डोळा लागला असेल. हात धरला तर माठाला हात लावावा तसा गार. बाहेर एवढं ऊन आणि हात गार... डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. नसेल झाला. पण तिचं काम राहून गेलं, ते मला माहीत आहे. ती एक पान शोधत होती.

इंदू अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, गाणी म्हणायची. तिची शाळा सातवीत सुटली होती. माझं म्हणाल तर मी शाळेचं तोंडच पाहिलेलं नाही, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवत आपली आपणच शिकले. त्यामुळं आमची जोडी जमली. रिटायर झाल्यावर बाया देवदेव करतात, हिनं आधी पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि घरी बसून बी.ए. करता येतं तिथं नाव घातलं. रविवारी वर्ध्याच्या अभ्यासकेंद्रात वर्ग असायचे. मुलगा संजय चिडवायचा, "आई, डबा भरून देऊ काय? वॉटरबॅग पायजे?" ही म्हणायची, "दे नं. तुही भरली म्या इतके वर्षं, आता तू माही भर." आणि खरंच भरून घ्यायची. पदराला रुमाल पिनेनं टाचून जायची, पहिलीतल्या पोरीसारखी.

शेवटच्या वर्षाला त्यांच्या सरांनी काम दिलं. प्रत्येकानं एक कादंबरी घ्यायची, पूर्ण वाचायची, त्यातलं गाव, माणसं, रीतभात यांचा तपास करायचा आणि एका पात्रावर लिहून आणायचं. इंदू मागच्या बाकावर बसायची. ती टेबलापर्यंत पोचेस्तोवर बारीक पुस्तकं सगळ्यांनी उचलली होती. उरलं ते घेऊन घरी आली आणि माझ्यापुढे धपकन ठेवलं. "ताई, हे पुस्तक हाये का उशी?" त्या कादंबरीचं नाव मी इथं लिहीत नाही. पुस्तक वाईट नाही. पण कोणी मुद्दाम शोधून वाचायला घेऊ नये असं मला वाटतं.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. कूलर घरघरतो आहे, मी सुपात डाळ निवडते आहे आणि इंदू वाचते आहे. तिची ओळ चुकायची म्हणून अंगणवाडीतली ती फूटपट्टी घ्यायची. पोरांनी चावून चावून तिचे कोपरे गोल केले होते, आकडे तर केव्हाच पुसले होते. पट्टी एका ओळीखाली धरायची, वाचायचं, मग खाली सरकवायची. "बाप्पा, कितीक लांबलचक लिहिते हा मानूस! शेवट येते तं सुरुवात इसरून जातो मी," असं म्हणायची, कपाळाला हात लावायची आणि पुन्हा वाक्याच्या आरंभाला जायची. कधी एका पानाला अख्खी दुपार जायची. मी म्हणायचे, "सोड व, दुसरं माग सराले." तर म्हणे, "नाई. मले हेच भेटलं तं हेच."

कादंबरीत नदीकाठचं एक गाव आहे. धरण होणार म्हणून लोक घरं मोडून, बैलगाड्या भरून निघून जातात. त्यात मोठ्या घरची एक सून आहे. तिच्याबद्दल मध्येच कुठंतरी चार ओळी येतात, बस. भर दुपारी घागर घेऊन दारात उभी राहते आणि गाव सोडून जाणाऱ्यांना पाणी पाजते. सगळं गाव गेल्यावर ही कुठं गेली ते लिहिलेलंच नाही. नावही नाही तिला. इंदू तिथंच अडली.

"ताई, बैलाईले नावं हायेत. हिले काऊन नाई?"

"लिहिनाऱ्याच्या ध्यानात नसन राह्यलं."

"अन् गेली कुठी ती?"

 तिनं सरांना विचारलं तर ते म्हणाले, छान प्रश्न आहे, हिच्यावरच लिहा. झालं. त्या दिवसापासून इंदू त्या बाईबद्दल अशी बोलायची, जशी ती गल्लीच्या टोकाला राहते. "आज तिनं दाराले ओला हात टेकला. ठसा उठला पंजाचा. एवढी ऊन, पन वाळतच नाई ठसा..." पट्टी ओळीवर ठेवून वाचून दाखवायची. मी ऐकलं आहे ते, माझ्या कानांनी. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मागच्या चैत्रात ती म्हणाली, तपास करायला जाऊ. आम्ही दोघी म्हाताऱ्या एस.टी.नं आर्वीकडे गेलो. धरणात गेलेल्या एका गावाची तिकडं नवी वस्ती आहे. सरळ सरळ रस्ते, एकसारखी घरं, सावली मात्र कुठं नाही. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. तिनं पाणी दिलं, बसवून घेतलं. इंदूनं विचारलं, "आजी, तुमच्या जुन्या गावात अशी कोनी बाई होती काय? मोठ्या घरची सून, दुपारी दारात पानी घेऊन उभी राह्याची?"

म्हातारीचा हात थांबला नाही. चिंचोके एका बाजूला, चिंच एका बाजूला. "होती काऊन म्हंता?" म्हणाली. "येते नं अजून. दुपारच्या टायमाले. पानी मांगते."

इंदूनं माझा हात धरला. "तुम्हाले मांगते?"

"ज्याले दिसते त्याले. जित्तेपनी साऱ्याईले पाजलं तिनं. आता तिले कोन पाजते? घागर नाई भरत कोनी तिची."

"काऊन नाई भरत?"

"नाव कोनाले येते बाई? सून होती, सूनच म्हने सारं गाव. बिननावाची घागर कशी भरन कोनी?"

आमच्याकडे अक्षय तृतीयेला घरोघरी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, पाण्यात वाळा, वर आंबा किंवा डांगर, म्हणजे खरबूज. हातावर पाणी घेऊन गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सोडायचं. त्याच्या जागी कोणाला तरी पानावर बसवायचं, त्याला पितर समजून जेवू घालायचं. नावच नसलं तर ते पाणी पोचत नाही म्हणतात. परतताना गाडीत इंदू रस्त्याकडच्या प्रत्येक घराचं दार बघत होती. वर्ध्याला बसस्टँडवर उतरलो तेव्हा म्हणाली, "ताई, तिची घागर मी भरतो." मला हसूच आलं. पुस्तकातल्या बाईचं कोणी पितर घालतं काय! पण वेड लागलेल्या माणसाशी काय बोलता, म्हणून सोडून दिलं.

अक्षय तृतीयेला तिनं मला जेवायला बोलावलं. मला वाटलं, सासूच्या जागी बसवत असेल, नेहमी बसवते तशी. पत्रावळीवर कुरडया, वडे, आमरस, द्रोणात चिंचेच्या कोळाची चिंचोणी. बाजूला दोन घागरी, एक सासूची आणि एक लहानशी, लाल. सासूचं पाणी सोडून झालं. मग लहान घागरीपुढं बसली, तळहातावर पाणी घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "इंदूच्या नावानं."

माझ्या हातातली कुरडई हातातच राहिली. "इंदू! काय बोलून राह्यली तू? आपल्याच नावाची घागर भरते काय जित्तं मानूस?"

"तिले नाव नाई नं, ताई. मंग मी माहं देल्लं. एक नाव दोघीत चालते."

"येडी झाली काय? पुसून टाक ते पानी!"

"सोडलेलं पानी पुसता येते काय? जेवा तुम्ही. भुकी असन ती."

तेवढ्यात लाइन गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम चिडीचूप झालं. मग तो आवाज यायला लागला, बारीक, घोट घेतल्यासारखा. नवी घागर पाणी पिते, मातीचा असा आवाज येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मोठी घागरही नवीच होती, ती गप्प होती. माझं जेवण होईस्तोवर लहान घागरीतलं पाणी गळ्याच्या खाली उतरलं होतं. माती पाणी पिते हो... पण इतकं?

त्यानंतर इंदू ठणठणीत होती, हे सांगायला हवं. हसत होती, संजयला टोमणे मारत होती. पावसाळ्यात काम लिहून पूर्ण केलं, सरांना दिलं आणि पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. सर चांगले माणूस. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, बाई, फार सुंदर लिहिलंय, पण तो ओल्या हाताच्या ठशाचा प्रसंग कादंबरीत नाही. ही म्हणाली, आहे सर, मी वाचला. ते म्हणाले, मीही दोनदा वाचली आहे. उन्हाळ्याच्या परीक्षेपर्यंत पान दाखवा, पूर्ण मार्क देतो. नाहीतर तेवढा भाग काढून टाका, पास तर व्हालच.

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. "ताई, मी मनचं काई नाई लिहिलं. तुम्ही आयकलं नं?"

"आयकलं."

"मंग? काढून टाकलं तं ती पुन्हा नाई झाली नं कुठीच."

म्हणून तिनं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. एकेक ओळ, खाली पट्टी धरून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटपर्यंत पोचली, पान सापडलं नाही. "सुटलं असन माह्या डोयातून," म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. मी एकदा चिडून म्हटलं, "काढून टाक तेवढं, घे तुही डिग्री!" तर माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी काही मीच तिची घागर लवंडली. तिसऱ्यांदा वाचत होती ती, त्या दुपारी... पुस्तकाचा सुरुवातीचाच भाग चालू होता. पान मला नीट आठवतं, त्यावर तिच्या बोटाचा हळदीचा डाग होता. मीच पुस्तक तिच्या मांडीवरून उचललं आणि पट्टी त्याच डागावर ठेवून, उघडंच, खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलं. मिटवलं नाही. मन झालं नाही.

तेरवीला सर आले होते. रेखा पुस्तक परत द्यायला निघाली तर म्हणाले, राहू द्या. मी त्यांना विचारलं, "सर, आता पान सापडलं तर मार्क द्याल काय?"  ते म्हणाले, "देईन." त्या दिवशी मी सहज खोलीत डोकावले. हळदीचा डाग दिसेना. पट्टी पुढच्या कुठल्याशा पानावर होती. पाहुणे आले होते, कोणी चाळलं असेल, म्हटलं.

मग परवाची अक्षय तृतीया आली. इंदूची पहिली घागर. रेखा म्हणाली, "मावशी, आईच्या जागी तुम्हीच बसा." बसले. तीच जागा, तशीच पत्रावळ. संजयनं हातावर पाणी घेतलं आणि "इंदूच्या नावानं" म्हणाला. ह्याच नावानं मी मागच्या साली इथंच जेवले होते. एका नावाच्या दोघी आता. एक घागर भरली तर कोणी प्यायची आणि कोणी बघत राहायचं? मी म्हटलं, "संजू, अजून एक घागर भर रे."

"आता कोनाची, मावशी?"

"तुह्या मायच्या मैत्रिणीची."

"नाव काय घेऊ?"

"तेच घे."

लेकरानं दुसरी घागर आणली आणि त्याच नावानं भरली. जेवण झाल्यावर मी खोलीत गेले. पुस्तक स्टुलावर उघडं होतं, शेवटाकडची थोडीच पानं उरली होती. पट्टी उचलून पाहिली. ओली होती. मी ती होती त्या ओळीखाली परत ठेवली आणि बाहेर आले.

रेखानं काल मला विचारलं, "मावशी, दुपारी तुम्ही येऊन आईचं पुस्तक वाचता काय? पट्टी सरकून राह्यते रोज." मी म्हटलं, "हो, मीच वाचतो." तिचा जीव भांड्यात पडला.

रेखा, तुझ्या सासूवरचा लेख आहे, म्हणजे तू हे वाचशीलच. मी येत नव्हते गं. पण घाबरू नको. पुस्तक मिटवू नको, पट्टी पुसू नको. दुपारी त्या खोलीचं दार लोटून घेत जा, आणि स्टुलाजवळ पाण्याच्या दोन लोट्या ठेवत जा. पान सापडलं की मला हाक मार. सरांकडे मी नेऊन दाखवीन.