नसलेल्या पुस्तकांचा गेटपास

इन्शिराहचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. रात्रभर मंद आचेवर शिजलेली बाकल्याची उसळ जिरं-लिंबू घालून घोटायची, सासूचा वाटा झाकून ठेवायचा, आपला पावात भरायचा आणि मायक्रोबस गाठायची. आठाला ती कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणकासमोर बसलेली असे.

काम सांगायला सोपं होतं. कैरोतला एक पुरवठादार इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा भला मोठा गठ्ठा वर्षाच्या वर्गणीवर वाचायला देई. पुस्तकं राहत त्याच्याकडेच. ग्रंथालयाच्या सूचीत फक्त नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत पुस्तक उघडायचा दुवा. सूची घरबसल्या दिसे, पण दुवा ग्रंथालयातल्याच संगणकावर उघडे. दर महिन्याला तो यादी पाठवी: ही नवी आली, ही काढून घेतली, यांचा पत्ता बदलला. नव्या नोंदी कुणीही आनंदाने चढवतं. गेलेल्या पुसायला कुणी बसत नाही, कारण त्या कामाचं दाखवण्यासारखं काही उरत नाही. इन्शिराहच्या आधीच्या माणसाने ते कधी केलंच नव्हतं. सूची फुगली होती, आणि संचालक डॉक्टर शौकत प्रत्येक पाहुण्याला तो फुगलेला आकडा ऐकवत.

मग एक दिवस रदवा आली. खारट जमिनीवर प्रबंध लिहिणारी मुलगी, कालव्यापलीकडच्या खेड्यातली. तीन गाड्या बदलून आलेली. हवं ते पुस्तक सूचीत होतं. दुवा दाबला, तर ‘उपलब्ध नाही’. दुसरं, तिसरं, तेच. तिने आरडाओरडा केला नाही. चप्पल सरकवत उठली आणि म्हणाली, “मादाम, नाही म्हणून लिहिलं असतं ना, तर मी आलेच नसते.”

इन्शिराहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या घरी कुणाला जेवायला बोलावून रिकामं ताट पुढे ठेवलं, तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि इथे ते रोज चाललं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने सफाई धरली. पुरवठादाराच्या जुन्या याद्यांवर विसंबता येत नव्हतं. पुसण्याआधी ती प्रत्येक दुवा स्वतः दाबून बघे, कारण चुकून जिवंत नोंद पुसली तर तोही अन्यायच. मनगट सुजलं. पट्टी बांधून तिने ते काम रमजानपर्यंत ओढलं आणि संपवलं. सूचीत जे दिसे ते आता उघडत होतं.

जूनअखेर मोजणीची समिती आली. सरकारी जागेतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी ताब्यात लिहिलेली असते. हरवली की त्याच्या पगारातून कापतात. ज्याचं बिल आलं त्याला धनी हवाच, म्हणून भांडारवाल्यांनी कपाटं, खुर्च्या आणि पंख्यांबरोबर ही इलेक्ट्रॉनिक पुस्तकंही कधीच इन्शिराहच्या नावावर चढवून ठेवली होती. समितीचे प्रमुख उस्ताद वहदान यांनी या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीशी ताडला आणि चष्मा वर केला.

“पुस्तकं कमी आहेत.”

“ती आपली नव्हतीच. मालकाने परत घेतली.”

“परत घेतली तर फाटकातून गेली असतील. गेटपास कुठे आहे?”

ती समजावत राहिली. ते ऐकत राहिले आणि शेवटी पुन्हा गेटपासच मागितला. चहावाला अम्म बयूमी पेले ठेवता ठेवता म्हणाला, “मादाम, एवढा माल हलवलास, ट्रक कुणाचा आणलास ते तरी सांग.” सगळे हसले. ती हसली नाही.

दुपारी डॉक्टर शौकत यांनी तिला आत बोलावलं. आवाज गोड होता. गेल्या वर्षीच्या नोंदी परत चढव, आकडा जुळेल, सही होईल, अर्ध्या तासाचं काम.

“आणि ती मुलगी परत आली तर?”

“कोणती मुलगी?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मनगट मोडून केलेलं काम हा माणूस अर्ध्या तासात मातीत घालायला सांगत होता, तेही उपकार केल्यासारखं. ती उठली. तिने वहदान यांना सरळ विचारलं, माझ्या पगारातून कापून घेतल्यावर त्या पुस्तकांचं काय होतं? वहदान नियमाचे माणूस. म्हणाले, भरपाई लावली की वस्तू यादीतून कायमची बाद होते. मग ती परत चढवणं हा गुन्हा. संचालकांनी चढवली तरी.

“मग कापा. आणि तसं लिहून द्या.”

“मादाम, डोकं ठिकाणावर आहे का?”

“माझं आहे. तुम्ही लिहा.”

नवऱ्याने घरी दोन दिवस बोलणं टाकलं. सासूच्या खोलीसाठी गॅसचा हीटर घ्यायचा होता. तो त्या हिवाळ्यात आला नाही. म्हातारी दोन शाली लपेटून बसली आणि संचालकांना रोज शिव्या देत राहिली. इन्शिराहने तिला कधी थांबवलं नाही. कपात सुरू राहिली. डॉक्टर शौकत यांनी दोनदा जुन्या नोंदींची फाइल मागवली, आणि दोन्ही वेळा वहदान यांचा सहीशिक्क्याचा कागद तिने त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पहाटे पाचला उठून कमावलेल्या तिच्या पगाराने त्या वर्षी जी पुस्तकं विकत घेतली, ती कधीच ग्रंथालयाची नव्हती. ती सूचीत आता दिसत नाहीत.