पट्टीने मारलेल्या भिंती
चूक माझीच होती, आणि पेन्सिल तासल्याचा वास आला की ती आठवते. आमच्या हेंद्रेपाड्यात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी मुलीने शाळेच्या चित्रस्पर्धेसाठी पुराच्या पाण्यात उभी आमची बिल्डिंग काढली होती, सगळ्या भिंती वाकड्या, थरथरत्या. अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर मशीनची ड्रॉइंग काढणारा मी वैतागलो आणि ती क्लासला गेल्यावर एकेक रेष खोडून पट्टीने सरळ केली. “पप्पा, काय करून ठेवलं हे! आता हे बघून कुणाला भीती वाटेल?” ती ओरडली. “अगं, वाकडी बिल्डिंग उभी राहते का?” मीही चिडलो. तिने चित्र स्पर्धेला दिलंच नाही. इतकी वर्षं गेली, परवा फोन करून तिला म्हणालो, “तू घाबरलेलं घर काढलं होतंस, मी त्याचा नकाशा केला. चुकलो गं, माफ कर मला.”