एका नावावर दोन डबे

भुवनेश्वरीनं सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट शिकायला घेतली तेव्हा तिला बेचाळिसावं लागलं होतं. त्याआधी वीस वर्षं ती टायपिंगचे क्लास घ्यायची. क्लास ओस पडले, तशी जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये ती मुलीच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसली. पहिलं काम मिळालं शुक्रवार पेठेतल्या झीनतभाभीच्या खानावळीचं. लोकांनी मोबाइलवर डबा सांगायचा, यादी थेट चुलीपाशी.

प्रोग्राम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी झीनतभाभीचा फोन आला. "भुवनाताई, चनमल्लप्पा सरांच्या नावावर दोन डबे निघाले की! त्यांचा पथ्याचा दहीभात, वर नंदीश वकिलांची कडक भाकरी अन् शेंगाचटणी. तिकडं वकील उपाशी."

भुवनेश्वरी लगेच लॅपटॉप उघडून बसली. तिनं दहा वेळा डबा मागवून पाहिला. दहाही वेळा बरोबर! मग तिला उमगलं, आपण एकटीच मागवतोय. सकाळी दहाला मात्र सगळे एकदम बटण दाबतात.

तिनं झीनतभाभीला फोन लावला. "भाभी, तीन म्हटलं की दोघींनी दाबायचं हं. एक, दोन, तीन!"

दोन्ही डबे झीनतच्या नावावर.

आता चूक दिसलीच. कोडमधल्या 'गिऱ्हाईक' या नावापुढे const हा शब्द, म्हणजे नाव तेवढ्याच जागेपुरतं बांधणारा, लिहायचा राहिला होता, म्हणून ते नाव ग्लोबल झालं होतं, अख्ख्या प्रोग्रामचं मिळून एकच. पहिल्याची नोंद पुरी व्हायच्या आत दुसरा त्यावर येऊन बसायचा. तिनं const लिहिलं आणि तेही नोंद घेणाऱ्या फंक्शनच्या आत. म्हणजे प्रत्येक मागणीला आपलं वेगळं गिऱ्हाईक. ते नाव नुसतं फाइलच्या माथ्यावर जाहीर करून भागलं नसतं. इतर फाइलींपासून ते लपलं असतं, पण सगळ्या गिऱ्हाइकांत सामायिकच राहिलं असतं. मग नोंदीचा सगळा भाग तिनं स्वतंत्र मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगळ्या फाइलीत, हलवला आणि बाहेर एकच फंक्शन दिलं, डबा नोंदवायचं.

दुसऱ्या दिवशी दहाला चाळीस मागण्या आल्या. चाळीसही नावं जागच्या जागी.

संध्याकाळी ती चनमल्लप्पा सरांची माफी मागायला गेली.

"माफी कसली?" सर म्हणाले. "दोन वर्षांनी शेंगाचटणी खाल्ली. लई झकास! पुन्हा एकदा चुकवता येतंय का बघा की."

"आता नाही जमायचं, सर," भुवनेश्वरी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसली.