लाल कड्याआडची आकडी

पोटोबा हे नाव त्यांना कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं. खाणं तसं बेताचं होतं, पण विमान दिसलं की हा माणूस त्याच्या पोटाखाली उताणा पडून फोटो काढत बसायचा. सव्वीस वर्षं त्यांनी विमानांच्या चाकांची दुरुस्ती केली आणि निवृत्त झाल्यावर, विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी फोटोंची पुस्तकं काढायला लागले. दोन निघाली होती. तिसऱ्यावर नऊ वर्षं घासत होते. "घरातला गळका नळ यांना दिसत नाही, विमानाच्या पोटातली नळी बरी दिसते," असं त्यांची बायको येईल त्या पाहुण्याला सांगायची. पाहुणा हसायचा, पोटोबाही हसायचे आणि नळ गळत राहायचा.

पुस्तकाच्या बाबतीत मात्र हसण्यावारी नेलेलं त्यांना खपायचं नाही. ढगांतून झेपावणारं विमान भिंतीवर लावायला ठीक, म्हणायचे. डिंक घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला चाकाच्या खोबणीत, म्हणजे उडताना चाक आत जातं त्या पोकळीत, कुठली नळी कुठून कुठे जाते ते हवं असतं. फोटो सरळ समोरून, शेजारी मोजपट्टी, आणि कोणत्या विमानाचा, कधी काढला ते खाली लिहिलेलं. एकाचं नाक आणि दुसऱ्याचं शेपूट एका पानावर घालून वाचकाला टोपी घालायची नाही. तेलाचे ओघळ पुसायचे नाहीत, विमान गळतं कुठे हेही बनवणाऱ्याला कळायला हवं. पुस्तक टेबलावर आपलं आपण उघडं राहिलं पाहिजे, कारण त्याचे दोन्ही हात कामात असतात. आणि काहीही झालं तरी आठवणीतून काढलेलं चित्र छापायचं नाही. "मला आठवतं" म्हणणारा निम्मं खोटं बोलतो, मग तो मी का असेना, असं ते म्हणत.

तिसरं पुस्तक होतं दोन पंख्यांच्या एका जुन्या मालवाहू विमानावर. एकशे बारा पानं तयार होती आणि एक चौकट कोरी होती. या विमानाच्या चाकाचा पाय मध्ये गुडघ्यासारखा दुमडतो. तो ताठ राहावा म्हणून गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक पोलादी आकडी बसते. शिवाय विमान जमिनीवर असलं की गुडघ्याभोवती एक लाल कडं आवळून ठेवतात, म्हणजे आकडी सुटली तरी पाय दुमडू नये. आता गंमत बघा. फोटो काढणारे सगळे जमिनीवरच काढणार, म्हणून प्रत्येक फोटोत आकडी झाकलेली आणि कडं तेवढं दिसणारं. प्रतिकृतीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीने ते कडंच पायाचा भाग समजून साच्यात ओतलं, आणि हजारो टेबलांवरची विमानं पायाला कुलूप लावून उडायला लागली. पोटोबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसले, आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आपण जन्मभर जिला तेल घातलं ती वस्तू जगात कुणाला माहीतच नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्या जातीचं शेवटचं विमान धावपट्टीच्या कडेला उभं होतं. ते भंगारात निघाल्याचं त्यांना मंगळवारी कळलं आणि बुधवारी सकाळी ते लेकीला घेऊन तिथे हजर झाले. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती. रुग्णाच्या तोंडात आरसा, दिवा आणि कॅमेरा घालून फोटो काढणं हे तिचं रोजचंच. दोन वर्षांपासून पोटोबांचे हात कापायला लागले होते, तेव्हापासून अडचणीच्या जागी शिरायचं ते तिनेच.

भंगारवाल्यांचा मुकादम तोंडाचा फटकळ, मनाचा बरा होता. "काका, बाराला कटर चालू होणार. बारा म्हणजे बारा. त्याआधी आम्ही पलीकडचं इंजिन ओढून काढतोय, तिकडे फिरकू नका."

"आम्ही या चाकापाशीच आहोत."

"चाकाचा फोटो?" मुकादमाने आधी विमानाकडे पाहिलं, मग पोटोबांकडे. "बरं. ज्याची त्याची हौस."

साडेअकरापर्यंत बाकी सगळं उरकलं. राहिली आकडी. लेक टायरवर पाय ठेवून वरच्या खोबणीत शिरली. तिने आरसा घालून पाहिला, काठीला कॅमेरा बांधून पाहिला. आकडीचं तोंड आतल्या बाजूला, आणि वर कडं बूच मारल्यासारखं घट्ट.

"बाबा, कडं काढल्याशिवाय काही दिसायचं नाही."

पोटोबांनी कड्यावर नुसता हात ठेवला.

"काढा ना! दोन चाप तर आहेत. तुम्ही बाहेरून काढा, मी तीन फोटो घेते, लगेच परत लावा. एका मिनिटाचं काम."

याच कड्यावरून त्यांनी सव्वीस वर्षांत कुणाकुणाला झापलं नव्हतं! एकदा तर कडं नसताना खोबणीत वाकलेल्या मोठ्या साहेबाला कॉलर धरून बाहेर ओढलं होतं आणि त्यापायी हातातोंडाशी आलेली बढती गेली होती. पण आकडीवरही त्यांचा तितकाच भरवसा होता. आकडी बसलेली असताना पाय दुमडला, असं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि आज हुकलं की कायमचं हुकलं, कारण संध्याकाळपर्यंत या विमानाचे तुकडे होणार होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला चाप उघडला.

पलीकडून मुकादमाचा आवाज आला, "ओढा! हळू, हळू!" साखळी करकरली. विमान थरथरलं की आपलाच हात थरथरला, हे पोटोबांना कळेना.

"बाबा, लवकर! पावणेबारा झाले."

दुसऱ्या चापावर अंगठा ठेवून त्यांनी वर पाहिलं. आकडी नीट दिसावी म्हणून लेकीने मान गुडघ्याच्या दोन दांड्यांमध्ये घातली होती. केस कानामागे खोचलेले, एक डोळा मिटलेला, दवाखान्यात असते तशी निवांत. त्या दोन दांड्यांमधलं अंतर पोटोबांना पाठ होतं. पाय दुमडला की तिथे बोटभरसुद्धा जागा उरत नाही, हे त्यांनी स्वतः शेकडो वेळा मोजलं होतं. त्यांनी अंगठा चापावरून काढला.

"बाहेर ये."

"काय झालं?"

"बाहेर ये म्हणतो ना! आधी मान काढ. मान काढ!"

असा आवाज लेकीने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती धडपडत खाली उतरली. पोटोबा उघडलेला चाप परत लावायला बघत होते, पण बोटं ऐकत नव्हती. चाप तीनदा निसटला. शेवटी त्यांचा हात बाजूला करून तिनेच तो लावला, आणि मग मात्र भडकली.

"नऊ वर्षं, बाबा! माझ्या सगळ्या सुट्ट्या यात गेल्या. आणि ऐन वेळी हातपाय गाळता?"

"मी शिरतो. तू चाप काढ." पोटोबा खोबणीत खांदा घालायला लागले. पूर्वी मावायचा, आता मावेना. त्यांनी पुन्हा जोर लावला, तेव्हा लेकीने शर्टाला धरून त्यांना मागे ओढलं. दोघंही धापा टाकत तिथेच उभी राहिली. तेवढ्यात बाराची शिट्टी झाली.

कटरने पंख कापला तो थेट पायावरच बसला. गुडघा कड्यासकट चेपला. पोटोबा लांबून बघत उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मुकादम जवळ आला. "झालं का काका मनासारखं?" लेक सामान उचलून रागाने पुढे निघून गेली.

तीन आठवड्यांनी पानं छापखान्यात जायची होती. बापलेक टेबलाशी बसून शेवटचं तपासत होती. सत्तेचाळिसाव्या पानावर लाल कड्याचा फोटो होता आणि खाली पोटोबांनी लिहिलं होतं : 'हे कडं विमानाचा भाग नाही, प्रतिकृतीत बसवू नये. त्याच्या आतल्या आकडीचा फोटो मिळाला नाही.' शेजारची चौकट त्यांनी कोरीच ठेवली होती. लेक त्या पानाशी थांबली.

"बाबा, खरं सांगाल? त्या दिवशी कडं काढलं असतं, तर पाय दुमडला असता?"

हो म्हटलं असतं तर तिचा राग तिथल्या तिथे संपला असता. पोटोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नसता," ते म्हणाले. "बहुतेक नसता."

"मग?"

"त्या 'बहुतेक'खाली तुझी मान होती, बाळ."