खाड्याचं कारण

मला कावळा शिवला की आमच्या घरात मी माणसातून उठते. पडवीच्या कोपऱ्यात पोतं, त्याच्यावर मी, बाजूला माझा वेगळा तांब्या. चार दिवस कशाला शिवायचं नाही. खोटं कशाला बोलू, लग्नानंतर मी जे काय शिकले ते ह्याच पोत्यावर. एरवी चुलीपुढून उठायला सवड कुणाला होती? पुस्तकाला विटाळ नसतो, हे सासूबाईंनीच ठरवून टाकलं होतं, म्हणजे मी गप बसावं.

बाहेरून बी.ए. करत होते. इतिहासाचा एकच पेपर राहिलेला. मागच्या वर्षी मुलीला गोवर निघाला आणि तो बुडाला. यंदा शनिवारी बीडला पेपर, आणि गुरुवारीच मी पोत्यावर! त्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला उमापूरला गेलेल्या. सासरे अशा दिवसांत माझ्या हातचं पाणीही पीत नाहीत. म्हणजे मी स्वयंपाक करायचा नाही, आणि घर सोडून जायचंही नाही, कारण तीन वर्षांची पोर कुणाकडे ठेवू?

रागारागातच धडा उघडला. प्राचीन इजिप्त. पिरॅमिड, राजे, सोन्याचे मुखवटे, हे पाठच होतं. पुढं साध्या माणसांचं होतं. रोज पाव आणि बिअर, उकाड्यात गच्चीवर निजायचं, बाप्यांच्याही डोळ्यांत काजळ. मग राजांच्या कबरी खोदणाऱ्या कामगारांचं गाव आलं. कामावर कोण आलं नाही ते त्यांचा कारकून दगडाच्या कपच्यांवर लिहून ठेवायचा, कारणासकट. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे दुखत होते. एक घरी बिअर गाळत बसला. आणि एकाच्या खाड्याचं कारण होतं, बायकोला पाळी आली.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तीन हजार वर्षांपूर्वी गडी सरळ कारण सांगतो आणि कारकून लिहून घेतो! त्यानं घरी बसून काय केलं ते पुस्तकात नव्हतं. मी आपलं ठरवून टाकलं, स्वयंपाक केला असणार.

आमचे मालक मांजरसुंब्याला ढाब्यावर भट्टीपाशी असतात. आख्ख्या हायवेला रोट्या भाजून घालणारा माणूस, पण घरात तवा कुठं असतो ते ठाऊक नाही. हे दोन दिवस तिथलंच बांधून आणत होते. शुक्रवारी आल्यावर त्यांना लांबूनच सगळं वाचून दाखवलं, आणि म्हटलं, उद्या तुम्हीबी खाडा करा, घरी थांबा.

"त्यांच्यात तसं आसंल," ते म्हणाले. "आपल्यात चालत न्हाई."

"कावून?"

"शेठला काय सांगू मी?"

"हेच सांगा. त्या गड्यानं सांगितलंच की."

"येडी हायस का? लोकं हसतील."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. म्हटलं, "ह्या पेपरला न्हाई गेले तर जन्मभर ह्याच पोत्यावर बसून ऱ्हाईन, ध्यानात ठेवा." ते जेवून झोपले.

शनिवारी सकाळी अंगणातून त्यांचा फोन ऐकू आला. "शेठ, आज येणं होत न्हाई." मी कान टवकारले. मग म्हणाले, "ताप आलाय. लई ताप हाय."

असा संताप आला! पण एसटी गाठायची होती. "अशात कुठं निघाली ही?" सासरे आतून ओरडले. "जाऊ द्या, मी हाय घरी," मालक म्हणाले. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईला काही बाधलं नाही. पेपरात इजिप्त आलंच नाही. रोमवर आलं, ग्रीकांवर आलं, लिहिलं जमेल तसं.

संध्याकाळी परत पोत्यावर. मालक चुलीपुढं, कपाळाला पीठ, पोर पाठीवर लोंबकळतेय. त्यांनी ताट आणलं, लांबच ठेवलं आणि दोन बोटांनी माझ्याकडं सरकवलं. भाकरी एका बाजूनं करपलेली.

"कसा गेला पेपर?"

"बरा गेला," म्हटलं. मग सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "तुमचा ताप उतरला का?"

त्यांनी आत एकदा बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "उद्याबी ऱ्हाईल."